पांढऱ्या झाकणाचा डबा

टिकटिकच्या गळ्यात एक टायमर लटकत असे. अंडी उकडताना स्वयंपाकघरात लावतात तसला, पिवळा, गोल, बुटाच्या नाडीत ओवलेला. माझी मागची खोली बघायला ती आली, तेव्हा पाणी किती वाजता येतं असं विचारत असतानाच तो किंचाळला. मी दचकले. तिने तो थोपटून गप्प केला, "अय्या, माझ्या पेशी!" म्हणाली आणि जिना धडाधडा उतरून गेली. खोली आवडली की नाही हे सांगायला ती दोन दिवसांनी उगवली. तोपर्यंत मी तिचं नाव ठेवून मोकळी झाले होते.

"टिकटिक? मी?" ती म्हणाली. "घरी मला सगळे वादळ म्हणतात."

"घरच्यांचं बरोबरच असेल. पण या वयात मला वादळ घरात घ्यायचं नाही. टिकटिक चालेल."

अशी ती आली आणि चार वर्षं राहिली.

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर मोठं इस्पितळ आहे. त्याच्या आवारातल्या प्रयोगशाळेत ती डॉक्टरेटसाठी काम करत होती. कर्करोगाच्या पेशींवर किरण सोडले की त्यांच्या जनुकांचं काय होतं, हा तिचा विषय. पहिल्याच रविवारी मी तिला म्हटलं, "मला नीट समजावून सांग. मी रोजनिशी लिहिते, आणि तिच्यात चुकीचं लिहिलेलं मला खपत नाही."

तिने फळीवरचं माझं स्वयंपाकाच्या कृतींचं जाडजूड पुस्तक ओढलं.

"समजा, पेशी म्हणजे एक घर. प्रत्येक घरात हेच पुस्तक आहे. सगळ्या कृती सगळ्यांकडे. पण रोज अख्खं पुस्तक कोण रांधतं? ज्याला जे लागतं, तेवढंच पान उघडायचं. एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. आता आले किरण. घरावर दगडफेक झाली म्हणा ना. काही घरं बसतात. काही मात्र पटकन डागडुजीचं पान उघडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी! मला बघायचंय, कोणती पानं उघडतात."

"आणि ते कळलं म्हणजे?"

"म्हणजे पुढे कोणीतरी ती पानं आधीच चिकटवून टाकील, आणि थोड्या किरणांत काम भागेल. लगेच नाही हं, आजी. मी म्हातारी होईपर्यंत."

"माझ्याएवढी?"

"इतका वेळ कोणाला आहे!"

हा उद्धटपणा मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवला. शाईने.

शाईचं सांगायला हवं. आमच्या मिशनच्या शाळेत हस्ताक्षर शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी आम्हा मुलींना रोजनिशी लिहायला लावली आणि एक नियम घालून दिला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते शाईने लिहायचं, दुसऱ्याकडून ऐकलं ते पेन्सिलीने. पुढे ती गोष्ट स्वतः पाहायला मिळाली, तर पेन्सिलीवरून शाई फिरवायची. बाकीच्या मुलींनी शाळा सुटल्यावर वही सोडली, नियमही सोडला. मला दोन्ही सुटलं नाही. समोरच्या बाईंच्या मांजरीला चार पिल्लं झाली, हे माझ्या वहीत पेन्सिलीने आहे. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिली, तेव्हा शाईने पाच झाली.

टिकटिकला याचं फार हसू यायचं. "म्हणजे माझा वाढदिवसही पेन्सिलीत?"

"तू जन्मलीस तेव्हा मी तिथे कुठे होते?"

"कमाल आहे तुमची! मी समोर उभी आहे, तो पुरावा पुरत नाही?"

"तू आहेस हे शाईने लिहीन. तारीख तुझी आई सांगते."

तिचे बाबा बस चालवायचे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई, आणि हातात काहीतरी काम असल्यामुळे ती तो टेबलावर ठेवून बोले. त्यामुळे मलाही सगळं ऐकू येई.

"काय मग, आज किती मारल्या?"

"बाबा, मी मारत नाही. मी बघते."

"एवढी शिकवली, आणि नुसती बघत बसतेस?"

मागून आईचा आवाज, "ती जेवली का ते विचारा आधी. पेशी कुठे पळून चालल्यात!"

पेशींवर तिचा जीव होता. त्यांना गुलाबी रंगाचं पोषक पाणी लागतं आणि ते एक दिवसाआड बदलावं लागतं, म्हणून तिने तीन वर्षांत सलग चार दिवसांची सुट्टी घेतली नाही. सकाळी टोस्ट तोंडात धरून बूट घालायची. आल्यावर जिन्यातूनच ओरडायची, "आजी, आज काय सुंदर पसरल्यात म्हणून सांगू!" खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना बरेच दिवस वाटत होतं, की या मुलीचा वेलींचा बगीचा आहे.

तिच्या बोलण्यात दुसरं नाव यायचं मामांचं. मामा प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे, उपकरणं वाफेत घालून निर्जंतुक करायचे, सामान इकडून तिकडे न्यायचे. नोकरीची एकोणचाळीस वर्षं झाली होती, चाळिसाव्याला निवृत्ती. ते कोणाचेच मामा नव्हते म्हणून सगळ्यांचे होते. पेशींना ते पिल्लं म्हणत. एकदा कोणीतरी म्हणालं, "मामा, अहो कॅन्सरच्या आहेत त्या." तर म्हणाले, "असतील. त्यांना बिचाऱ्यांना कुठे माहीत आहे?"

आता डब्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

पेशी वाढतात चपट्या, पारदर्शक बश्यांमध्ये. टिकटिकच्या प्रत्येक प्रयोगात अशा बारा बश्या असत. सहा लाल झाकणाच्या डब्यात, सहा पांढऱ्या झाकणाच्या डब्यात. पेशींना आपल्या अंगाएवढी ऊब लागते, म्हणून एरवी त्या एका गरम कपाटात राहतात. प्रयोगाच्या सकाळी दोन्ही डबे घेऊन पटांगण ओलांडायचं आणि इस्पितळाच्या जुन्या इमारतीच्या तळघरात जायचं. तिथे किरणांचं यंत्र आहे. दिवसभर ते रुग्णांसाठी लागतं, विद्यार्थ्यांना सकाळी सहा ते पावणेसात. लाल डबा आत यंत्राखाली जातो. पांढरा बाहेरच्या खोलीत बाकावर थांबतो. मग दोन्ही परत कपाटात.

"पांढऱ्याला किरण द्यायचेच नाहीत, तर त्याला नेता कशाला?" मी विचारलं.

"आजी, तोच तर सगळा प्रयोग आहे!" तिने चमचा टेबलावर आपटला. "लाल डबा गारठ्यातून जातो, हिंदकळतो, पाऊण तास उबेबाहेर राहतो. त्यानेही काही पानं उघडतातच ना? मग कोणतं पान किरणांनी उघडलं आणि कोणतं थंडीने, हे मला कसं कळणार? म्हणून पांढऱ्याने सगळं सोसायचं, फक्त किरण सोडून. मग दोघांत जो फरक राहील, तो किरणांचा."

तळघरातला तो बाक मला माहीत होता. नऊ वर्षांपूर्वी एकतीस सकाळी मी त्यावर बसले होते, यजमान आत आणि त्यांचा कोट माझ्या मांडीवर.

"म्हणजे मी तेव्हा पांढऱ्या झाकणाचा डबा होते," मी म्हणाले.

टिकटिकने माझ्याकडे पाहिलं. आता ही रडते की काय, असं मला वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "मग आजी, तुमची कोणती पानं उघडली?"

"चहा फार प्यायला लागले."

आम्ही दोघीही हसलो, आणि मी आधण ठेवलं.

प्रयोग तीनदा करायचा होता. एका फेरीला सहा आठवडे लागत. पेशी वाढवायच्या, किरण द्यायचे, एका दिवसाने पेशी फोडून कोणती पानं उघडली ते मोजायचं. पहिल्या फेरीत तेवीस जनुकं जागी झाली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तीच तेवीस. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात नाचली आणि दुधाचं पातेलं सांडलं.

तिसऱ्या फेरीत आली एकशे एक्केचाळीस.

तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्या बोलण्याआधी चष्मा काढत, आणि त्यांनी चष्मा काढला की प्रयोगशाळेतला पंखासुद्धा दबकून फिरतो, असं टिकटिक म्हणे. त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं, "ही वरची एकशे अठरा कुठून आली ते शोध. कारण सापडलं, तर फक्त तिसरी फेरी पुन्हा कर. नाही सापडलं, तर आधीच्या दोन्हींवरही माझा भरवसा नाही. सगळं पहिल्यापासून."

सगळं पहिल्यापासून म्हणजे निदान साडेचार महिने. टिकटिकची मुदत संपायला उरले होते तीन महिने. त्यानंतर प्रयोगशाळेतली तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. एक फेरी तेवढ्यात बसत होती, तीन बसत नव्हत्या. म्हणजे चार वर्षं काम करून ती पदवीशिवाय घरी जाणार.

तिने शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. गुलाबी पाण्याच्या बाटल्यांचे क्रमांक ताडून पाहिले, यंत्राची नोंदवही पाहिली, कपाटाचं तापमान पाहिलं. स्वतःची प्रयोगाची वही तर इतक्यांदा चाळली, की पानांचे कोपरे मऊ पडले. तिथे सगळं ठीक होतं. प्रत्येक पायरीपुढे बरोबरची छोटीशी खूण, तीनही फेऱ्यांत सारखी. दोन आठवडे असेच गेले. ती जेवायची, पण काय जेवते आहे ते तिला कळत नसे. बाबांनी फोनवर विचारलं, "आज किती मारल्या?" तर म्हणाली, "आज नाही, बाबा." त्यांनी फोन आईकडे दिला.

मामांना जेवायला बोलवायचं फार आधी ठरलेलं होतं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती, आणि आमची दोघांची ओळख करून द्यायची तिला हौस होती. ती म्हणाली, "आता पुढे ढकलू या का, आजी?" मी म्हटलं, "माणसाला बोलावलंय ना? मग बोलावलंय."

रविवारी बरोबर बारा वाजता मामा आले. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. दारातच त्यांनी माझ्या पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसले, की मलाच म्हणावं लागलं, "अहो पुरे, झिजेल ते."

"सवय आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे धूळ आत गेली की पिल्लं आजारी पडतात."

मी सूप केलं होतं, भाजलेले बटाटे आणि अंड्याचं पुडिंग. मामा खूश होऊन जेवत होते. टिकटिकला हसवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण ती बटाट्याचे तुकडे नुसते ताटात फिरवत होती. शेवटी ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही काही काळजी करू नका हिची. हिच्या बश्या मी जीव लावून सांभाळतो. मागच्या खेपेला बघा, केवढा गारठा पडला होता. आठवतं?"

"आठवतं," मी म्हणाले. "खिडकीच्या काचेला आतून पाणी सुटलं होतं. ही मोज्यांचे दोन जोड घालून साडेपाचलाच गेली."

"तोच दिवस! ही पुढे पळाली, यंत्रावरच्या माणसाची नोंदवही भरायला. म्हणाली, मामा, डबे घेऊन या. मी कपाट उघडलं, दोन्ही डबे काढले. आणि मला काय वाटलं सांगू? लाल डब्याला जायलाच हवं, त्याला इलाज नाही. पण या पांढऱ्यातल्या सहा जणांना किरण मिळायचेच नाहीत. मग त्यांनी बिचाऱ्यांनी फुकट का काकडायचं? म्हणून मी पांढरा डबा तसाच परत उबेत ठेवला. एकटा लाल घेऊन गेलो." त्यांनी पुडिंगचा घास घेतला. "फार छान झालंय हे."

टिकटिकचा काटा ताटात पडला.

"मामा," ती म्हणाली, "पांढरा डबा आलाच नाही?"

"नाही ना. बसला होता मजेत."

"तळघरात बाकावर..."

"बाकावर मी एकटाच होतो. तू कुठे बाहेर आलीस? सही करायला आतच थांबलीस. मी लाल घेऊन परत आलो आणि त्याच्या शेजारी ठेवून दिला."

ती खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. मला वाटलं, आता हे घर वादळ बघणार. मामांनाही तसंच वाटलं असावं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला आणि चमचा हळूच बशीत गेला. "पोरी, काही चुकलं का माझं? मी काही घाण करून ठेवली का?"

टिकटिक टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने मामांच्या गळ्यात हातच टाकले. "मामा! थंडी! एकशे अठरा म्हणजे नुसती थंडी! लालला थंडी वाजली आणि पांढरा मजेत बसला! अहो, तुम्ही मला वाचवलंत!"

"मी?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. "काय केलं मी?"

"आधी तुम्ही चूक केलीत," मी म्हणाले, "आणि मग ती सांगितलीत. ती दुसऱ्या गोष्टीसाठी मिठी मारते आहे."

ते सगळं त्यांना समजावायला तिला अर्धा तास लागला. मी कृतींचं पुस्तक आणून दिलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "एकोणचाळीस वर्षं डबे नेतोय," ते म्हणाले. "का नेतो, ते आज कळलं. कोणी सांगितलंच नाही कधी."

"मीही नाही सांगितलं," टिकटिक म्हणाली. आता ती हसत नव्हती. "आजींना सांगितलं, तुम्हाला नाही."

मामा गेल्यावर ती तिची प्रयोगाची वही घेऊन माझ्यासमोर बसली. तिसरी फेरी, किरणांचा दिवस. 'दोन्ही डबे नेले', पुढे खूण. 'पांढरा डबा बाहेरच्या खोलीत', पुढे खूण.

"आजी, मी हे पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली. "तसं व्हायला हवं होतं, म्हणून खूण केली. दोन आठवडे मी याच खुणेवर विश्वास ठेवून बाकी सगळीकडे शोधत बसले. आता मॅडमना हे दाखवायचं, म्हणजे वहीत खोटी खूण केली असं सांगायचं. यावरून काढून टाकतात माणसाला."

"मग काय सांगणार आहेस? मामांनी चूक केली असं?"

"छे! मामांनी डबा ठेवला. खूण मी केली."

मला ती त्या क्षणी फार आवडली, पण तसं म्हणायची वेळ नव्हती. मी उठून माझी पेन्सिल आणली आणि तिच्यापुढे ठेवली. "सगळी वही काढ. जी गोष्ट डोळ्यांनी पाहून खूण केलीस ती तशीच राहू दे. जी पाहिली नाहीस, तिच्याभोवती पेन्सिलीने गोल कर."

चहाचे तीन कप झाले. मी एकेक ओळ वाचायची आणि विचारायची, "पाहिलंस?" ती डोळे मिटून आठवायची. "पाहिलं. पाहिलं. हे... नाही, हे मामांनी सांगितलं." चारशे बारा खुणांमध्ये नऊ गोल झाले. पहिल्या दोन फेऱ्यांत पांढऱ्या डब्याजवळ ती स्वतः बाकावर बसली होती. एकदा तर डब्याशेजारी बसून केळं खाल्लं होतं. तिथे गोल नव्हता. उरलेले सात गोल बाटल्या धुण्याचे आणि पाणी निर्जंतुक केल्याचे होते. त्यांचे कागद वेगळे होते, ते तिने जोडले.

सोमवारचं मी पाहिलं नाही, ते माझ्याकडे पेन्सिलीत आहे. मॅडमनी वही घेतली. चष्मा काढला. मग काय झालं, तर पुन्हा घातला, जे पूर्वी कधी झालं नव्हतं. नऊच्या नऊ गोल त्यांनी बघितले. म्हणाल्या, "डबा कोणी ठेवला?"

टिकटिक म्हणाली, "खूण माझी आहे, मॅडम."

"ते मला दिसतंय. मी डब्याचं विचारलं."

दाराशी मामा होतेच. ते म्हणाले, "मी. पिल्लांना थंडी वाजेल म्हणून."

मॅडम खिडकीकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलले. रागाने हलले की हसण्याने, ते टिकटिकला दिसलं नाही, म्हणून तिनेही ते मला पेन्सिलीतच दिलं. मग मॅडम म्हणाल्या, "पुन्हा न पाहता खूण केलीस, तर मीच तुला घरी सोडून येईन. तिसरी फेरी पुन्हा कर. आणि ही गोलांची पद्धत कोणाची?"

"घरच्या आजींची."

"त्यांना विचार, आमच्याकडे जागा आहे."

हे ऐकल्यावर माझा दिवस फार चांगला गेला, हे कबूल करते.

त्याच पेशींचा साठा अतिथंड टाकीत गोठवून ठेवलेला होता. त्यातल्या काढून टिकटिकने पुन्हा बारा बश्या लावल्या. किरणांच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आजी, उद्या मी आत, नियंत्रणाच्या खोलीत असणार. मामा बाकावर बसणार. पण पांढरा डबा पूर्ण वेळ तिथे होता, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहायला हवं. मामा म्हणतात, मी नको, माझं मन पुन्हा विरघळेल."

मी नऊ वर्षांत त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. तिला ते माहीत होतं, म्हणून ती नुसती टायमरची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

"किती वाजता निघायचं?" मी विचारलं.

साडेपाचला निघालो. हवा चांगलीच थंड होती. मामा दोन्ही हातांत दोन डबे घेऊन पटांगणातून असे चालत होते, जणू पाणी भरलेली परात नेताहेत. गळ्यात त्यांचा मफलर होता. मधेच थांबून त्यांनी तो काढला आणि खिशात कोंबला.

"हे काय?" मी म्हटलं.

"यांना थंडी, तर मलाही थंडी."

तळघराच्या भिंतींना आता फिका पिवळा रंग दिला आहे. बाक तोच. डावीकडचा पाय अजून डुगडुगतो. टिकटिक लाल डबा घेऊन आत गेली, तो यंत्राखाली ठेवून नियंत्रणाच्या खोलीत शिरली, यंत्राचं जाड दार लागलं, वरचा दिवा पेटला. मामा आणि मी बसलो, मधे पांढरा डबा. मी वही उघडली आणि शाईने लिहिलं, 'सहा वाजून चार मिनिटं. पांढरा डबा बाकावर आहे.'

पाच मिनिटांनी मामांचा हात डब्याकडे सरकला.

"मामा."

"नुसता हात ठेवतो वर."

"हात गरम असतो."

त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. "तुम्ही फार कडक आहात हो," ते म्हणाले.

"सिस्टरांनी वाढवलंय."

सहा वाजून चौदा, आहे. सहा वाजून चोवीस, आहे. याच जागी मी कधीकाळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही, म्हणून जमिनीवरच्या फरश्या मोजायची. त्या दिवशी मी घड्याळाकडे मजेत बघत होते. सहा पस्तिसला मामांनी पिल्लांना हळू आवाजात सांगितलं, "झालंच आता," आणि मला विचारलं, "बोललेलं चालतं ना?" मी म्हटलं, "दोन्ही डब्यांशी सारखंच बोलणार असाल तर चालतं." मग परतीच्या वाटेवर ते लाल डब्याशीही तेवढंच बोलले. मी मोजलं नाही, पण त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला.

निकाल यायला पुढचे काही आठवडे गेले. मुदत संपायला उरले होते अठरा दिवस. दुपारी सव्वातीनला फोन वाजला.

"आजी, बावीस!" ती ओरडली. "तेवीसमधली बावीस! एकच गळलं. वरची एकशे अठरा साफ गेली! मॅडम म्हणाल्या, तेवीसच्या तेवीस आली असती तर मी पुन्हा वही मागितली असती!"

"थांब, पेन्सिल घेते."

"पेन घ्या हो!"

"फोनवर काय दिसतंय मला?"

मी पेन्सिलीने 'बावीस' लिहिलं. 

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली, दोघांची. टिकटिकबरोबर मामाही होते, हातात केकचं खोकं. आत आल्याआल्या तिने बाबांना फोन लावून टेबलावर ठेवला.

"काय मग, आज किती मारल्या?"

"बाबा, बावीस जनुकं सापडली!"

"मारल्या नाहीत ना? मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि मग मोठ्याने नाक शिंकरल्याचा आवाज आला. आईने फोन घेतला आणि सांगितलं, "त्यांना जरा पाणी देते. तू जेवलीस का?"

टिकटिकने पिशवीतून छापलेला लांबलचक कागद काढून माझ्यासमोर पसरला. डाव्या बाजूला जनुकांची नावं, नुसती अक्षरं आणि आकडे, पुढे तीन रकाने, तीन फेऱ्यांचे. मी चष्मा पुसला. पट्टी घेतली, पहिल्या ओळीखाली धरली आणि एकेक ओळ खाली सरकवत मोजायला लागले. मामा श्वास रोखून उभे. टिकटिक म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरने मोजलंय!"

"मोजलं असेल."

वीस. एकवीस. बावीस. तेविसाव्या ओळीत तिसऱ्या रकान्यात काहीच नव्हतं.

मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पेन्सिलीवरून शाई फिरवली. तिने आणि मामांनी दोन्ही बाजूंनी वाकून ते पाहिलं. मग मी म्हटलं, "आता केक कापा."